बनावट रेटिंग महाग करणे : विक्रेता-पतगुण प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

काम हाती आलं. आमच्या ऑनलाइन मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्यांचं रेटिंग आज साध्या सरासरीवर चालतं: ताऱ्यांची बेरीज भागिले रेटिंगची संख्या. ते बदलून विक्रेत्यावर किती भरवसा ठेवावा हे सांगणारे नवे गुण, म्हणजे ‘पतगुण’, आणायचे आहेत. तक्रार विभागाने पाठवलेल्या फायलीत एकाच साच्याची प्रकरणं पुन्हापुन्हा दिसतात. नवं खातं उघडतं, काही आठवडे क्षुल्लक किमतीच्या वस्तू झपाझप विकल्या जातात, सगळीकडून पाच तारे पडतात आणि मग अचानक महागड्या वस्तूंची यादी लागते. ट्रॅकिंग क्रमांक पडला की आपण पैसे सोडतो. पैसे जातात, माल येत नाही, फोन बंद.

बैठकीत या सगळ्याला सरसकट ‘फेक रिव्ह्यू’ म्हणतात आणि मग उपायांची खिचडी होते. म्हणून इथे वेगळं मांडून ठेवतो. स्वतःच दहा नावांनी खरेदीदार होणं हा एक प्रकार. विक्रेत्यांनी आपापसांत साटंलोटं करून एकमेकांना वाढवणं हा दुसरा. खऱ्या खरेदीदाराला बाहेरून पैसे परत देऊन पाच तारे घेणं हा तिसरा. चांगलं नाव असलेलं जुनं खातं विकत घेणं हा चौथा, आणि त्याची तक्रार जवळजवळ कधीच येत नाही, कारण तो ओळखूच येत नाही. प्रतिस्पर्ध्याला ठरवून वाईट रेटिंग देणं हे या सगळ्याचं उलट टोक.

उद्दिष्ट असं लिहून दिलं: बनावट रेटिंग करणाऱ्याला ते त्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा महाग पडलं पाहिजे. ते पूर्ण बंद होईल असं आश्वासन कुणाला दिलेलं नाही, देणारही नाही.

९ जानेवारी

जुनं वाचन. ईबे या लिलावाच्या साइटवर फीडबॅकची सोय १९९६ मध्ये आली, साइट सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी. अनोळखी माणसाला कशाच्या भरवशावर पैसे पाठवायचे, याचं साइटचे संस्थापक पिएर ओमिद्यार यांनी काढलेलं ते उत्तर. चाललंही. पण भरवशाला बाजारभाव आला की त्याची नक्कल निघणारच.

तो भाव किती, यावर रेझनिक आणि सहकाऱ्यांचा २००६ मध्ये छापलेला प्रयोग आहे. एका मुरलेल्या विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं विकायला काढली, काही स्वतःच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि त्यांच्याच जोडीची काही कोऱ्या करकरीत खात्यांवरून. माणूस तोच, माल तसाच. तरी नावाजलेल्या खात्याला खरेदीदार सुमारे ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होते. आमच्या दृष्टीने वाचायचं तर बनावट नाव कमावणाऱ्याच्या वहीत जमेच्या बाजूला काय लिहिलेलं असतं ते या आकड्यात आहे. खर्चाची बाजू किती भरायची ते आम्ही ठरवायचं.

त्याच वर्षी ब्राउन आणि मॉर्गन यांनी ईबेवरच फीडबॅकचा अख्खा बाजार भरलेला दाखवला. कवडीमोल किमतीच्या डिजिटल चिजा विकायला ठेवलेल्या, आणि घेतलीत तर चांगलं फीडबॅक मिळेल असं त्यांच्या वर्णनात उघडच. संख्या मोजणाऱ्या पद्धतीला क्षुल्लक सौदा आणि मोठा सौदा सारखाच दिसतो, त्यामुळे हे होणं अटळ होतं. आमची आजची सरासरी याच पठडीतली.

१४ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस एका टोळक्यावर. आठ-नऊ खाती, तक्रार अजून एकही नाही, पण सगळ्यांची पाच ताऱ्यांची पाटी भरलेली.

माल म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनला लावायची फिल्म. हलकी, पाकिटात मावणारी, डिलिव्हरी स्वस्त. ऑर्डर देणारी खाती वेगवेगळी, पण त्यांचा वावर बघण्यासारखा आहे. खरा खरेदीदार घुटमळतो. शोध घेतो, तीन विक्रेत्यांची पानं उघडतो, फोटो मोठे करतो, वस्तू कार्टात टाकून दोन दिवस विसरतो. ही खाती थेट लिंकवरून वस्तूच्या पानावर येतात, फोटोला हात लावत नाहीत, पैसे भरून बाहेर पडतात. ‘पोहोचलं’ असा स्कॅन पडल्यावर काही मिनिटांत पाच तारे. आणि या खात्यांनी कधीही काहीही परत केलेलं नाही. एकदाही माप चुकलं नाही, रंग नापसंत पडला नाही. इतका समाधानी ग्राहक प्रत्यक्षात नसतो.

वावराची ही खूण पकडायला सोपी आहे, म्हणूनच तिच्यावर विसंबायचं नाही. आम्ही ती मोजायला लागलो की पुढच्या आठवड्यात तेही फोटो मोठे करायला लागतील. घुटमळायला पैसे पडत नाहीत.

त्यामुळे पैशाकडे वळलो. समजा वस्तू १०० एककांची आणि आपलं कमिशन ५ टक्के. टोळक्यातला खरेदीदार १०० भरतो, विक्रेत्याला ९५ मिळतात आणि दोघे एकाच खिशाचे असल्यामुळे ते ९५ फिरून परत येतात. टोळक्याला प्रत्यक्षात लागले ५, अधिक डिलिव्हरी. वस्तू १० एककांची धरली तर कमिशन फक्त अर्धा. म्हणजे रेटिंगची संख्या मोजली तर फसवणारा सगळ्यात स्वस्त वस्तू निवडणार, आणि किमतीनुसार वजन दिलं तरी कागदावर १०० ची उलाढाल त्याला ५ मध्ये मिळणार.

खर्च मोजायचा तर जे परत येत नाही तेवढंच मोजायला हवं. उलाढाल फिरून येते, कमिशन येत नाही. त्यामुळे रेटिंगचं वजन कमिशनच्या प्रमाणात ठेवलं तर स्वस्त वस्तू, महाग वस्तू, दहा खाती, हजार खाती, कशानेही गणित बदलत नाही. एक एकक वजन हवं असेल तर एक एकक जळायलाच हवं. या रकमेला आम्ही आपापसांत ‘जळीत’ म्हणायला लागलो आहोत. शब्द अशुभ आहे, पण चटकन कळतो.

१५ जानेवारी

कालच्या गणितात डेटा टीमच्या सहकाऱ्याने बोट घातलं: कूपनांचं काय?

नव्या खरेदीदाराला पहिल्या ऑर्डरवर १० टक्के सूट मिळते आणि ती आपण सोसतो. १०० च्या वस्तूला टोळक्यातलं नवं खातं ९० भरतं, विक्रेत्याला मात्र ९५ च मिळतात. टोळकं ५ ने फायद्यात. डिलिव्हरीचा खर्च त्याहून कमी बसवता आला की प्रत्येक बनावट रेटिंगमागे त्यांना पैसे सुटतात, तेही आपल्याकडून. कुंपणच शेत खातंय.

कालची खाती पुन्हा तपासली. बहुतेक खरेदीदार खात्यांची पहिली आणि शेवटची ऑर्डर तीच, कूपन लावलेली.

नियम लिहिला: जळीत म्हणजे आपल्याला मिळालेलं कमिशन वजा त्या व्यवहारात आपण दिलेली कोणतीही सूट, कॅशबॅक किंवा पॉइंट. उणे आलं तर शून्य धरायचं. कूपनवाल्या खऱ्या ग्राहकाचा अभिप्राय पानावर दिसेल, त्याचे शब्दही दिसतील, पण पतगुणात त्याचं वजन नाही. मार्केटिंगला हे आवडणार नाही हे माहीत आहे.

२० जानेवारी

सूत्रांची चाचपणी. थोडक्यात लिहितो, कारण इथे फार काही अडलेलं नाही.

एकच पाच तारे मिळालेला विक्रेता हजार रेटिंगवाल्याच्या वर दिसू नये, ही सरासरीची जुनी खोट. योसांग आणि इस्माइल यांची २००२ ची बीटा पद्धत ती सोपेपणाने काढते: (चांगली + १) / (एकूण + २). एकाला एक चांगलं असेल तर २/३, म्हणजे ०.६७. दहाला दहा असतील तर ११/१२, म्हणजे ०.९२. विल्सन यांचं १९२७ चं सूत्र त्याहून कडक. ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा घेतली तर दहाला दहा असूनही ०.७२ वरच थांबतं आणि एकाला एक असेल तर ०.२१.

दोन्हींत गृहीत आहे की प्रत्येक रेटिंग स्वतंत्र माणसाचं आहे. टोळक्याने तेच गृहीतक मोडलेलं असतं. संख्येच्या जागी जळिताचं वजन घालून बीटा वापरतोय. पुढे.

२३ जानेवारी

‘प्रत्येक खातं म्हणजे एक खरा माणूस, हे पक्कं केलं की प्रश्न मिटला’ असा सूर आज बैठकीत होता. ओळखपत्र घ्या, फोन नंबर पडताळा.

जॉन डूसर यांनी २००२ मध्येच मांडलंय: ओळख प्रमाणित करणारं केंद्र नसेल तर एकाच माणसाने अनेक ओळखी उभ्या करणं, अवास्तव गृहीतकं सोडली तर, नेहमीच शक्य असतं. त्यांच्या लेखावरूनच याला ‘सिबिल हल्ला’ म्हणतात. आपल्याकडे केंद्र आहे, ते म्हणजे आपण. त्यामुळे पडताळणीने भाव वाढतो हे खरं. पण पडताळलेली ओळख भाड्याने मिळते. खऱ्या माणसाचं खरं कागदपत्र, खरा फोन, वापरणारा मात्र दुसराच. म्हणजे पडताळणी हाही एक खर्चच, एकदाच भरायचा. तो मोजू, पण त्याला भिंत समजणार नाही.

फ्रीडमन आणि रेझनिक यांनी २००१ मध्ये स्वस्त टोपणनावांची दुसरी बाजू दाखवली होती. नाव बदनाम झालं की टाकून नवं घेता येत असेल तर कुठल्याही नवख्यावर विश्वास ठेवणं परवडत नाही, आणि प्रामाणिक नवख्यालाही सुरुवातीला भुर्दंड सोसावा लागतो. हा भुर्दंड पूर्ण टाळता येत नाही. तो किती आणि कोणत्या रूपात, एवढंच आपल्या हातात आहे. मार्चमध्ये यावर भांडण होणार, आत्ताच लिहून ठेवतो.

जुन्या खात्यांचाही विषय निघाला. खात्याचं वय हे विश्वासाचं लक्षण मानावं अशी सूचना होती. नको. वय हीच विकली जाणारी गोष्ट आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं सचोटीने चालवलेलं खातं विकत घेऊन आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो आणि पहिले काही आठवडे कुणाला पत्ता लागत नाही. ठरलं ते असं: पैसे जमा होण्याचं बँक खातं, लॉगिनची उपकरणं आणि विक्रीचा विभाग यांपैकी दोन गोष्टी एकाच सुमारास बदलल्या तर जुन्या जळिताचा मोठा भाग गोठवायचा आणि नव्या व्यवहारांनी तो हळूहळू मोकळा करायचा. विभागबदल महत्त्वाचा आहे. फिल्म विकणाऱ्याने उद्या लॅपटॉप विकायला काढले तर फिल्मवरचं नाव तिथे जसंच्या तसं चालणार नाही.

२९ जानेवारी

ग्राफचं काम. खाती म्हणजे ठिपके, सौदे म्हणजे रेघा.

पहिली कल्पना पेजरँकच्या, म्हणजे गुगलने वेबपानांची क्रमवारी लावायला वापरलेल्या पद्धतीच्या, वळणाची: चांगल्यांनी वाखाणलेला तो चांगला. पण दोन बोगस खाती एकमेकांना वाखाणतात तेव्हा ते शुद्ध ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ असतं आणि साधं सूत्र त्याला भुलतं. फाइल वाटून घेणाऱ्या नेटवर्कसाठी २००३ मध्ये आलेल्या आयगनट्रस्टने यावर तोड म्हणून काही खाती आधीपासूनच विश्वासू धरली. चेंग आणि फ्रीडमन यांनी २००५ मध्ये ते का लागतं हे सिद्धच केलं: सगळ्या खात्यांना एकाच मापाने मोजणारी, कुणालाही सुरुवातीचा बिंदू न मानणारी पद्धत बोगस खात्यांपुढे टिकू शकत नाही. कुणाच्या तरी नजरेतूनच बघावं लागतं. कमाल प्रवाह हा तसा मार्ग आहे. माझ्यापासून त्या विक्रेत्यापर्यंत विश्वास वाहून नेणाऱ्या वाटा किती रुंद आहेत ते मोजायचं. पलीकडे बोगस खाती कितीही वाढवली तरी अलीकडच्या अरुंद पुलावरून तेवढंच येणार.

लिटोस आणि झिंड्रोस यांनी २०१७ मध्ये हीच कल्पना थेट पैशाला जोडली. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला उचलता येईल अशा जागी स्वतःचे पैसे ठेवायचे, आणि दोन अनोळखी माणसांमधला विश्वास म्हणजे या पैशांच्या साखळीतला कमाल प्रवाह. केंद्र नसलेल्या बाजारासाठी केलेला विचार होता, ओपनबझारच्या काळातला. तो बाजार २०१६ मध्ये उघडला आणि २०२१ च्या जानेवारीत बंद झाला. आमच्या ग्राहकाला पैसे असे उघड्यावर ठेवायला सांगणं शक्य नाही. पण विश्वास म्हणजे किती रक्कम बुडायची तयारी आहे, ही व्याख्या मला फार पटली. पुढचा सगळा भाग तिच्यावरच उभा करतोय.

आमचे सुरुवातीचे बिंदू म्हणजे अशी खरेदीदार खाती, ज्यांची खरेदी बऱ्याच, एकमेकांशी संबंध नसलेल्या विक्रेत्यांत विखुरलेली आहे, जी अधूनमधून माल परत करतात आणि बऱ्याचदा रेटिंग द्यायला विसरतात. तिथून विश्वास वाहतो. ही यादी बाहेर जाऊ द्यायची नाही आणि ती ठरावीक काळाने बदलायची.

तेच ते खरेदीदार पुन्हापुन्हा येत असतील तर वजन कमी करावं का? कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या विभागात चारच ग्राहक वर्षभर येतात आणि ते अगदी खरे असतात. म्हणून पुनरावृत्तीचं जळीत पूर्ण मोजायचं, पण ‘किती वेगवेगळ्यांनी घेतलं’ या आकड्यात ते एकदाच.

३० जानेवारी

फ्रॉडार वाचलं, ग्राफमधून बनावट खात्यांचे पुंजके शोधण्याची २०१६ ची पद्धत. टोळकी आपला माग पुसण्यासाठी नामांकित, सचोटीच्या विक्रेत्यांकडूनही चार वस्तू घेऊन ठेवतात, म्हणजे त्यांचा इतिहास चारचौघांसारखा दिसतो. यावर उपाय असा: ज्या ठिपक्याकडे सगळेच जातात तिथल्या रेघेला वजन कमी द्यायचं. मग फक्त एकमेकांतच गुंतलेला दाट पुंजका उघडा पडतो. आमच्या डेटावर लावून पाहिलं. १४ तारखेचं टोळकं जसंच्या तसं वर आलं, त्याच्या शेजारी एक मोठा पुंजकाही आला. तो मात्र एका शाळेतल्या पालकांनी एकाच विक्रेत्याकडून गणवेश घेतल्याचा निघाला. दाट असणं म्हणजे लबाड असणं नव्हे. पुंजक्याची नोंद माणसाकडे जाईल, आपोआप शिक्षा नाही.

४ फेब्रुवारी

रिव्ह्यूचा मजकूर वाचून खोटेपणा ओळखणारं मॉडेल घ्यावं, असा प्रस्ताव आला. नाकारला. ऑट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हॉटेलांचे ४०० खरे आणि ४०० मुद्दाम लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यू जमवले आणि त्यांतले काही माणसांपुढे ठेवले तेव्हा माणसांचा अंदाज नाणेफेकीच्या आसपास होता. मॉडेलने जवळजवळ ९० टक्के बरोबर ओळखले, पण ते लोक हाताने खोटं लिहीत तेव्हा. आज मजकूर फुकट पडतो आणि मॉडेलच्या चाळणीतून जाईपर्यंत पुन्हापुन्हा लिहून घेता येतो. जे फुकट बदलता येतं त्यावर पहारा बसवायचा नाही.

११ फेब्रुवारी

‘खात्रीशीर खरेदी’ या शिक्क्यावर आमचा नको इतका विश्वास आहे. डिलिव्हरी झाली म्हणजे खरेदी खरी, असं नसतं. ब्रशिंगमध्ये विक्रेता कुठल्यातरी खऱ्या पत्त्यावर, न मागवलेलं, काहीतरी फुटकळ पार्सल पाठवतो. स्कॅन पडतो, सौदा खरा ठरतो, आणि त्या नावाने उघडलेल्या खात्यावरून विक्रेता स्वतःच रिव्ह्यू लिहितो. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अनेकांच्या घरी न मागवलेली बियाण्यांची पाकिटं आली तेव्हा तिथल्या कृषी खात्यानेही हीच शक्यता वर्तवली होती.

यातून सुचलेली तपासणी अगदी साधी आहे. कुरिअर कंपनी बिलासाठी प्रत्येक पार्सल वजन करते आणि ती फाइल आपल्या लेखा विभागाकडे पडून असते. वस्तूच्या पानावर मिक्सर लिहिलाय आणि पार्सलचं वजन पाकिटाएवढं. आज ही फाइल ऑर्डरच्या तक्त्याशी जोडली. कुठल्याही ग्राफपेक्षा जास्त उजेड या एका रकान्याने पाडला. फसवणारा उद्या पार्सलमध्ये वीट घालेल, घालू दे. विटेचं वजन नेण्याचे पैसे पडतात आणि ते परत येत नाहीत.

१८ फेब्रुवारी

आज न दिलेल्या रेटिंगवर.

रेझनिक आणि झेकहाउझर यांनी ईबेचा सुरुवातीचा डेटा पाहिला तेव्हा निम्म्याहून जास्त सौद्यांत फीडबॅक दिलं गेलं होतं आणि ते जवळजवळ सगळं चांगलंच होतं. विक्रेत्यांना वाईट फीडबॅक एक टक्क्याच्या आसपास. सगळे खरंच इतके खूश? त्या वेळी विक्रेताही खरेदीदाराला रेटिंग देत असे, म्हणजे वाईट लिहिलं की उलट वार ठरलेला. अळीमिळी गुपचिळी. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा वाईट फीडबॅक देण्याचा अधिकारच काढून घेतला. एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: दोघांनी लिहेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं दिसत नाही.

नॉस्को आणि टाडेलिस यांनी २०१५ मध्ये गप्प राहणाऱ्यांनाच मोजायला घेतलं. भागायचं ते एकूण फीडबॅकने नाही, एकूण सौद्यांनी. दोन विक्रेते घेऊ, दोघांचीही ९९ चांगली आणि १ वाईट रेटिंग. आजच्या पानावर दोघेही ९९ टक्के. पण पहिल्याचे सौदे १२० आणि दुसऱ्याचे ५००. पहिला ८२.५ टक्क्यांवर राहतो, दुसरा १९.८ वर येतो. त्या ४०० गप्प लोकांपैकी कितीतरी जण नाराज होऊन, वाद नको म्हणून निघून गेलेले असतात.

हे आमच्या कामाला दुहेरी उपयोगी आहे. मौन खरेदी करता येत नाही, त्यावर रेटिंग चढवून झाकावं लागतं. आणि झाकायचं तर प्रत्येक चढवलेल्या रेटिंगमागे नवा सौदा, नवं जळीत. विभागानुसार बोलकेपणा वेगळा असतो हे खरं, त्यामुळे तुलना विभागाच्या आतच करायची.

२५ फेब्रुवारी

टेस्टिंगच्या मंडळींना चाचणी-प्रतीवर मोकळं सोडलं: विक्रेता व्हा आणि आम्हाला फसवा. मजा आली, पण डोकंही दुखलं.

त्यांनी स्वतःचं नाव वाढवण्याचा नाद लवकरच सोडला, कारण महाग पडत होतं. मग प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर मुद्दाम भडक, बनावट वाटतील अशी पाच ताऱ्यांची रेटिंग ओतली. पुंजका तयार झाला, आमच्या यंत्रणेने घंटी वाजवली आणि निष्पाप विक्रेता यादीत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून नियम बदलला. संशयित रेटिंगचं वजन शून्य करायचं, गाजावाजा न करता. विक्रेत्यावर कारवाई तेव्हाच, जेव्हा त्या सौद्यांचा पैसा त्याच्याकडूनच निघाल्याचा माग मिळेल, आणि तीही माणसाने बघून. वजन शून्य झालं की ओतणाऱ्याचे पैसे पाण्यात आणि ज्याच्यावर ओतलं त्याचं काही बिघडत नाही.

वाईट रेटिंगलाही हेच माप: जळीत नसेल तर वजन नाही. ऑर्डर देऊन ती रद्द करायची आणि एक तारा द्यायचा, ही पळवाट आजच बंद केली. मात्र माल न मिळाल्यामुळे परतावा झालेल्या सौद्यात कमिशन परत जातं, म्हणजे जळीत शून्य, आणि नेमका तिथेच वाईट अनुभव सर्वांत खरा असतो. अशा परताव्याची नोंद रेटिंग म्हणून न घेता थेट विक्रेत्याच्या खात्यावर, आपण स्वतः तपासून.

५ मार्च

अपेक्षेप्रमाणे भांडण. विषय: नवा विक्रेता.

विक्री विभागाचं म्हणणं असं की इतकं कडक केलं तर नवं कुणी येणारच नाही. रास्त आहे. कमिशन ५ टक्के असताना १०० एककांचं जळीत साठवायला २,००० ची विक्री लागते. प्रामाणिक माणूस तोवर टिकायचा कसा?

यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या प्रकल्पातला मुख्य वाटतो. पतगुण वाढले की काय मिळतं, तेच बदलायचं. आज चांगल्या रेटिंगवर सगळंच मिळतं: विश्वास, वरचं स्थान आणि माल निघताच पैसे. यातल्या शेवटच्या गोष्टीवर पळून जाणारा जगतो. म्हणून मूळ व्यवस्था अशी: सगळ्यांचे पैसे एस्क्रोत, म्हणजे मध्ये आपल्याकडे राखून, माल पोहोचून परतीची मुदत संपली की सुटणार. नवखाही पहिल्या दिवसापासून विकू शकतो आणि ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. पतगुणांनी मिळतं ते फक्त लवकर पैसे मिळणं, आणि त्याला मर्यादा: मुदत संपण्याआधी हातात दिलेली रक्कम त्या विक्रेत्याच्या जळितापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. घाई असेल तर ठेव भरा, मर्यादा तेवढीच वाढते.

आता फसवणाऱ्याचा हिशोब मांडून बघा. १,००० घेऊन पळायचं तर आधी १,००० जाळायचे, नाहीतर तेवढी ठेव सोडून द्यायची. वाढीव हाती काही लागत नाही.

शोधातल्या वरच्या जागेचा प्रश्न यातून सुटत नाही. जागेचं मोल पैशात मोजणं अवघड. तिथे मौनासकट काढलेली टक्केवारी आणि परतीचं प्रमाण वापरतोय, आणि काही जागा नवख्यांसाठी चिठ्ठ्या टाकून.

१२ मार्च

तिसऱ्या प्रकारावर, बाहेरून पैसे परत करून खऱ्या ग्राहकाकडून घेतलेल्या रेटिंगवर. ही सर्वांत अवघड, कारण माणूस खरा, पत्ता खरा, इतिहासही खरा. शेरी हे, हॉलनबेक आणि प्रोसर्पियो या संशोधकांनी अॅमेझॉनवरच्या अशा मालाचा मागोवा घेतला, २०२२ मध्ये छापून आला. विकत घेतलेल्या काळात तारे आणि विक्री चढते, खरेदी थांबली की उतरते आणि एक ताऱ्यांचं प्रमाण वाढतं. त्यांच्याच दुसऱ्या कामात असा माल मजकुरापेक्षा कुणी कशाला रिव्ह्यू दिले या जाळ्यावरून जास्त चांगला ओळखू आला.

आमच्या हिशोबात हा प्रकार सर्वांत महागही आहे. कमिशन जातं, डिलिव्हरी जाते आणि वस्तूसुद्धा खरोखर हातची जाते. म्हणून इथे वेगळं काही उभारत नाही. अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन दिलंय, म्हणजे चढवलेला फुगा टिकवायचा तर सतत विकत घेत राहावं लागेल.

कायदा विभागाची टिपणंही आली. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून, रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचे आहेत याची खातरजमा करता का आणि कशी, हे सांगावं लागतं. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकणं-घेणं यावरचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, ब्रिटनमध्ये बंदी ६ एप्रिल २०२५ पासून. पतगुण कसे निघतात याचं पान त्यामुळे लिहावंच लागणार. मी ते सगळं उघड लिहायच्या बाजूने आहे, विश्वासू खरेदीदारांची यादी सोडून. जळिताचा नियम माहीत झाल्याने फसवणाऱ्याचा काही फायदा होत नाही, त्याला फक्त बिल आधी कळतं.

२६ मार्च

नवे गुण जुन्यांच्या शेजारी, ग्राहकाला न दाखवता, चालू आहेत. वरच्या यादीतली खूप नावं हलली नाहीत. जी घसरली त्यांतली बरीच कूपनावर चढलेली होती. दोन-तीन जुने, सचोटीचे विक्रेतेही खाली आले, कारण त्यांचे ग्राहक कधीच रेटिंग देत नाहीत. त्यांच्या विभागात मौनाचं वजन अर्ध्यावर आणलं आणि पुढच्या पाहणीपर्यंत तसंच ठेवतोय.

ग्राहकाच्या पानावर ४.८ की ४.९ ही चुरस काढून टाकली. तिथे आता किती वेगवेगळ्या खरेदीदारांनी घेतलं, किती जणांनी परत केलं आणि विक्रेता या विभागात कधीपासून आहे, एवढंच.

बाकी कामं: कूपनाचा नियम १ तारखेपासून चालू, मार्केटिंगने लेखी हरकत घेतली आहे आणि त्यांना त्या स्क्रीन-फिल्मवाल्या खात्यांचा तक्ता पाठवलाय. कुरिअरची वजनाची फाइल एका दिवसाने उशिरा येते, ती आधी मिळवायची. ठेवीवर व्याज द्यायचं की नाही हे लेखा विभागाने अजून कळवलेलं नाही. उत्तर येईपर्यंत ठेव ऐच्छिक आणि लवकर पैसे देण्याची मर्यादा निव्वळ जळितावर.